तळघर आणि तेवीस मुठी

जळगावात ज्याच्या घराला तळघर आहे त्याला मे महिन्यात माणसांची ददात पडत नाही. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात बाहेर पारा सेहेचाळीसवर टेकला होता आणि आमच्या तळघरात, ताडपत्रीवर, अख्खी गल्ली ओळीने घोरत पडलेली होती. घर बांधताना माझी वाळू रस्त्यात येते म्हणून ज्यांनी महिनाभर तोंड फिरवलं होतं, तेच शेजारी दुपारचं जेवण झालं की उशी काखेत मारून "सर, आहात का?" असं विचारत यायचे. मी असलो काय नि नसलो काय, त्यांचं काही अडत नव्हतं, हे मला कळत होतं. पण विचारत तरी होते. चौदा वर्षं भूगोल शिकवणाऱ्या माणसाला एवढा मान शाळेत कुणी देत नाही.

खरं सांगायचं तर तळघर बांधायचं असं मी मुळीच ठरवलं नव्हतं. आमच्या प्लॉटला काळी माती. ही माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून भिंती उचलते, त्यामुळे पाया खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. आमचा मुरूम लागला नऊ फुटांवर. अमीन मिस्त्री त्या खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले, पान लावलं आणि म्हणाले की सर, एवढं खोदलंच आहे तर ते परत मातीने कशाला बुजवायचं, वरून स्लॅब टाकू, खोली फुकटात पडेल. फुकटात हा शब्द ऐकल्यावर शिक्षकाच्या मनाची जी अवस्था होते ती माझी झाली. तरी मी विचारलं की पाण्याचं काय. मिस्त्री हसले, कारण ते साल होतं सत्त्याऐंशी. सलग तिसरा कोरडा पावसाळा चालला होता. कॉलनीच्या बोअरमधून दोनशे फुटांवरून नुसता धुरळा आला होता. मग मीच मिस्त्रींना भूजलपातळी म्हणजे काय आणि ती खानदेशात कशी खोल खोल चालली आहे, यावर अर्धा तास समजावून सांगितलं. खड्ड्यात उभं राहून खडूशिवाय दिलेलं ते माझं पहिलं व्याख्यान. मिस्त्रींनी ते पुढे गावभर सांगितलं, ते वेगळ्या कारणासाठी.

आता आमच्या हिचं सांगितलं पाहिजे. कोकिळाला घर हवं होतं ते तळघरासाठी नाही, ओट्यासाठी नाही, की मागच्या अंगणासाठीही नाही. तिला घर हवं होतं कानबाईसाठी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नाकडोळे लावायचे, दागिने घालायचे, चौरंगावर बसवायचं, रात्र जागवायची आणि सोमवारी वाजतगाजत पाण्यात सोडायचं. आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी, घरातला वडील माणूस भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाच्या नावाने एकेक मूठ गहू मोजतो. त्या गव्हाचे रोट होतात आणि ते फक्त भाऊबंदांनीच खायचे, परक्याला तुकडा द्यायचा नाही. आमच्यात आणखी दोन नियम आहेत. एक, कानबाई भाड्याच्या घरात बसत नाही. दुसरा, एकदा मुठी मोजून झाल्या की ते घर सोडून कानबाईला दुसरीकडे नेता येत नाही. मोजायच्या आधी मात्र नेता येते. हा दुसरा नियम जरा ध्यानात ठेवा.

लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि बारा वर्षं कोकिळा श्रावणात सोनगीरला जाऊन माझ्या थोरल्या भावाच्या, झुलालनानांच्या घरी रोटाचं पीठ मळत होती. धाकटी सून म्हणून मळायचं काम तिचं. चौरंग मांडायचा, आरती धरायची, कानबाई डोक्यावर घ्यायची, हे थोरलीचं. तिने कधी तक्रार केली नाही, पण दर वर्षी परतीच्या एसटीत धुळे येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसायची. आम्ही नव्या घरात राहायला आलो तेव्हा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी धीर करून नानांपुढे विषय काढला. नानांनी बराच वेळ तंबाखू मळली आणि म्हणाले की ठीक आहे, यंदा जळगावला बसवू; पण घर नीट पाहिजे, शहरातला खेळखंडोबा चालणार नाही, वेडंवाकडं दिसलं तर गहू तसाच उचलून सोनगीरला परत नेईन. त्या दिवशी एसटीत कोकिळाने खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही. सोनगीरपासून जळगावपर्यंत ती माझ्याशी चौरंगावरच्या कापडाच्या रंगाबद्दल बोलत होती.

आणि मग पाऊस पडला. तीन वर्षांचा राहिलेला सगळा पाऊस जणू त्या जुलैत उरकून घ्यायचा होता.

मी बेसावध नव्हतो, हे इथे नमूद करतो. पूर्वतयारी हा माझ्या आवडीचा विषय आहे. मी वहीत तळघराचा आडवा छेद काढला, त्यात बाण दाखवले आणि गल्लीत सल्ला मागितला. सल्ला मागायला नको होता. आमच्या शेजारी महाजन साहेब राहतात. ते पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले आहेत आणि तेव्हापासून अडवायला पाणी शोधत असतात. त्यांनी चष्मा पुसून माझी आकृती पाहिली, दोन बाण खोडले आणि सांगितलं की शत्रू येणार तो दारातून. म्हणून तळघराच्या दारापुढे वीतभर उंच उंबरा, झरोक्याला विटा, बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि भिंतीलगत वाळूच्या गोण्यांची रांग. गोण्या रुपचंदशेठनी दिल्या. त्यांची दालमिल आहे आणि माणूस दिलदार आहे, शंभर रिकाम्या गोण्या त्यांनी मिलमधून हातगाडीवर पाठवल्या. मी दोन रविवार घालवून त्या वाळूने भरल्या, तोंडं शिवली, घराभोवती रचल्या. गल्लीतल्या लोकांनी येऊन पाहिलं. महाजन साहेबांनी कमरेवर हात ठेवून 'बांध' मंजूर केला.

त्या गोण्यांत पूर्वी तूरडाळीची चुनी, म्हणजे गुरांचं आवडतं खाद्य, होती, हे मंजुरी देताना कुणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्या पावसात गोण्या भिजल्या, चुनीचा वास सुटला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घराला म्हशींनी वेढा घातलेला होता. मागच्या वस्तीतल्या वना गवळ्याच्या अकरा म्हशी. त्या गोण्या चाटत होत्या, चावत होत्या, शिंगाने उसवत होत्या. मी छत्री घेऊन बाहेर गेलो तर त्यांतल्या एकीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी फक्त तपासणीला आलेल्या शिक्षणाधिकाऱ्यांची पाहिली आहे. वनाला बोलावलं. त्याने आधी माझी चूक दाखवली की सर, गोणीला वास असताना बाहेर ठेवतात का. मग हाकलत हाकलत म्हशी नेल्या. दोन दिवसांत बांध फुटला आणि शंभर गोण्यांची वाळू रस्त्यात गेली. शेजाऱ्यांनी पुन्हा तोंडं फिरवली, त्याच वाळूसाठी.

तरी उंबरा होता, गिलावा होता, झरोके बुजवलेले होते. श्रावण लागला आणि एका शनिवारी, कानबाईच्या बरोबर आठ दिवस आधी, शाळा सुटल्यावर मी तळघरातून चौरंग वर आणायला म्हणून दार उघडलं. खालच्या सहा पायऱ्या दिसतच नव्हत्या. तिथे पाणी होतं, शांत आणि अगदी स्वच्छ, आणि त्यावर शाळेतून घरी आणलेला माझा पृथ्वीगोल हळूहळू स्वतःभोवती फिरत होता. पृथ्वीचा एकाहत्तर टक्के भाग पाण्याने व्यापला आहे असं मी मुलांना दर वर्षी सांगतो. माझ्याकडे शंभर टक्के व्यापला होता. दारातून थेंब आला नव्हता, उंबरा कोरडा ठणठणीत होता. पाणी खालून आलं होतं, जमिनीतून, फरशीच्या सांध्यांतून. आणि महाजन साहेबांच्या गिलाव्यामुळे ते आता बाहेरही जाऊ शकत नव्हतं.

कोकिळा माझ्या मागे येऊन उभी राहिली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "नाना शनिवारी येतील ना?" मी म्हणालो की त्याआधी थेंब ठेवणार नाही. ती आत गेली. तिचा चेहरा एसटीच्या खिडकीतला होता.

रविवारी सुट्टी, सोमवारी पंधरा ऑगस्ट. तेव्हा मंगळवारी सकाळी मी अर्ज घेऊन ऑफिसात गेलो. कुठल्या ऑफिसात ते सांगत नाही, मला अजून तिथे घरपट्टी भरायची असते. पहिल्या टेबलावरच्या गृहस्थांनी अर्ज वाचला आणि पाणी वरून आलं की खालून, असं विचारलं. मी म्हणालो खालून. ते म्हणाले, वरून आलं असतं तर नैसर्गिक आपत्ती, मी लगेच घेतलं असतं. खालून म्हणजे दुसरं टेबल. दुसऱ्या टेबलावर विचारलं की पाणी पिण्यासारखं आहे का. मी म्हणालो, स्वच्छ दिसतं. मग ती विहीर झाली, आणि विहिरीची नोंद न करता विहीर काढल्याबद्दल आधी मलाच खुलासा द्यावा लागेल. मी म्हणालो, विहीर नाही हो, तळघर. मग तिसरं टेबल. तिथे घराचा मंजूर नकाशा काढला, तासाभराने सापडला, आणि त्यात तळघर नव्हतं. कसं असणार, नकाशा मंजूर झाला तेव्हा मिस्त्रींनी पान लावलं नव्हतं. तिसऱ्या टेबलावरचे साहेब समजूतदार होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि शांतपणे सांगितलं की नकाशात जी जागाच नाही तिथे पाणी साचलं आहे असं आम्हाला लिहून देता येत नाही, सर. तुम्ही शिक्षक आहात, तुम्हीच विचार करा. मी चहा पिता पिता विचार केला आणि मला त्यांचं पटलं, हे जास्त लागलं.

मग युसूफभाई. स्टेशन रोडला त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे आणि त्यांचा मुलगा माझ्या वर्गात दोन वर्षं होता, म्हणजे एकाच वर्गात दोन वर्षं. तरी त्यांनी मनात काही ठेवलं नव्हतं. वीज जात-येत होती म्हणून ते डिझेलचं इंजिन घेऊन आले, पाइप तळघरात सोडला, दुसरं टोक शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये टाकलं आणि दांडा मारला. इंजिन असं काही धडधडलं की महाजन साहेबांच्या कपाटातली भांडी आमच्या घरात ऐकू आली. बुधवारी नागपंचमीला दिवसभर इंजिन चाललं. संध्याकाळी पाच पायऱ्या मोकळ्या झाल्या. गल्लीने येऊन पाहिलं, मी हात मागे बांधून उभा राहिलो. गुरुवारी सकाळी पाणी पुन्हा होतं तिथे. गुरुवारी पुन्हा इंजिन, पुन्हा पाच पायऱ्या, शुक्रवारी पुन्हा जैसे थे. युसूफभाई डोकं खाजवत म्हणाले, "सर, नीचे से नदी जाती है क्या?"

भूगोलाच्या माणसाला असा प्रश्न म्हणजे निमंत्रणच. मी त्यांना भूमिगत प्रवाह, सच्छिद्र खडक, बेसॉल्टच्या थरांतल्या भेगा असं सगळं समजावून सांगितलं. वहीत आकृतीही काढली. युसूफभाई मान हलवत होते. महाजन साहेबांनी त्यात तापीच्या जुन्या पात्राची भर घातली, आणि आम्ही तिघे आमच्या घराखालून नेमकी कुठली नदी वाहते यावर वाद घालत असताना कोकिळा तळघराच्या दारातून म्हणाली, "पाणी निळं झालंय."

आम्ही जाऊन पाहिलं. निळसर झाक होती खरी. महाजन साहेब म्हणाले, तांबं असेल खडकात. कोकिळाने डोक्यावरचा पदर सावरला आणि सांगितलं की काल सकाळी मी माझ्या नव्या लुगड्याची आणि चौरंगावरच्या कापडाची नीळ त्या रिकाम्या प्लॉटमध्ये ओतली होती. एवढं सांगून ती स्वयंपाकघरात गेली. आम्ही तिघे एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. काळ्या मातीच्या त्या हातभर भेगा तीन वर्षांच्या दुष्काळात अशा उघडल्या होत्या की अजून मिटल्या नव्हत्या. आम्ही तळघरातून पाणी काढत होतो, प्लॉटमध्ये सोडत होतो आणि ते भेगांतून रातोरात खाली येऊन पुन्हा तळघरात बसत होतं. तीन दिवस युसूफभाईंच्या इंजिनाने एकच पाणी गोल फिरवलं होतं. सातवीच्या पुस्तकात जलचक्राची आकृती असते, ती मी फळ्यावर नेहमी सुंदर काढतो.

इतक्यात डिझेल संपलं आणि शनिवार उजाडला.

आता उरला तो एकच मार्ग, आणि तो शिक्षकाला शोभणारा नव्हता. तळघराचं दार मधल्या खोलीत आहे. मी आणि युसूफभाईंनी लोखंडी कपाट ढकलून त्यापुढे लावलं. गणित सरळ होतं: दुपारी नाना येतील, मुठी मोजतील, आणि एकदा मुठी मोजून झाल्या की मग तळघरात मगर निघाली तरी कानबाई आमच्याच घरी बसेल. तास-दीड तासाचा प्रश्न. कोकिळाला हे अजिबात पसंत नव्हतं. ती म्हणाली की कानबाईच्या दिवशी खोटं नको. मी म्हणालो की खोटं बोलायचं नाही, फक्त कपाट ठेवायचं आहे. कपाटावर फुलांची परडी ठेवायला मी सांगितलं तेव्हा तिने ती उचलून दुसरीकडे ठेवली.

नाना आले. सोनगीरहून धुळ्याला, धुळ्याहून जळगावला, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, हातात गव्हाची पिशवी, आणि मागे भाऊबंदांचा सगळा गोतावळा. पाणी प्यायले, घर पाहिलं, ओट्याला हात लावून पाहिला, खिडक्या उघडून पाहिल्या, आणि मधल्या खोलीत उभं राहून म्हणाले की पंडित, तुझ्या तळघराचं फार ऐकलं आहे, दाखव. मी म्हणालो की नाना, आतून रंग दिलाय, ओला आहे. ओला आहे हे तर खरंच होतं. नानांनी कपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते मुठी मोजायला बसले.

कोकिळाने नवं कापड अंथरलं. त्यावर पितळी परात, समोर गव्हाची पिशवी. बायका एका बाजूला बसून कानबाईची गाणी म्हणत होत्या, माझं अक्षर चांगलं म्हणून नावांची यादी माझ्या हातात. तेवीस नावं. पहिली मूठ नानांची स्वतःची, मग वडिलांकडून धाकट्याकडे. मी नाव वाचायचं, नानांनी मूठ भरून कपाळाला लावायची आणि परातीत सोडायची. चौथं नाव माझं होतं. मूठ पडली. पाच, दहा, पंधरा. गहू परातीत उंच होत चालला आणि माझ्या छातीवरचं ओझं खाली येत चाललं. कोकिळा दाराशी हात जोडून बसली होती. तिचे ओठ हलत होते, आणि प्रत्येक मुठीला तिचे डोळे परातीकडे जात होते. एकोणीस झाल्या. चार राहिल्या.

तेव्हा कपाटामागून बेडूक ओरडला.

एक ओरडला असता तर निभावलं असतं. पण बेडकांना शिस्त नसते, एकाने सुरुवात केली की वर्गच सुरू होतो. खालून असा काही डरांव डरांव उठला की कपाटाची कडी वाजू लागली. आमच्या थोरल्या वहिनी, म्हणजे नानांच्या मंडळी, नाव भिकुबाई, आवाजाने खणखणीत आहेत. त्यांनी गाणं वरच्या पट्टीत नेलं. मी विसावं नाव मोठ्याने वाचलं. नानांची मूठ गव्हाने भरलेली, पण ती हवेतच थांबली. बायकांचं गाणं थांबलं. फक्त खालचा वर्ग चालू राहिला.

"हाऊ आवाज कसाना शे?" नानांनी विचारलं.

माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. शेजारच्या प्लॉटमधले बेडूक, महाजन साहेबांचा रेडिओ आणि पाइपातली हवा. मी त्यांतलं पहिलं निवडत होतो तेवढ्यात कोकिळा उठली. बारा वर्षांत ती नानांशी थेट एक शब्द बोललेली नव्हती. जेठापुढे, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, पदर ओढून उभं राहायचं, बोलायचं तर दुसऱ्याकरवी, अशी आमच्याकडची रीत. तिने पदर पुढे घेतला, पण आवाज स्पष्ट होता.

"नाना, तळघरमा पानी शे. आठ दिन व्हयनात. यास्नी तुमले खोटं सांगं, मन्हासाठी सांगं. तुमले गहू परत लई जावाना व्हई ते लई जा."

एवढं बोलून ती खाली बसली आणि रडू लागली, अगदी आवाज न करता. मला त्या कपाटासकट जमिनीत जावंसं वाटलं, पण तिथे जागा भरलेली होती.

नाना हातात तीच मूठ धरून उठले. ओसरीत बसलेले युसूफभाई आणि महाजन साहेब आत आले आणि आम्ही तिघांनी कपाट सरकवलं. दार उघडताच बेडूक गप्प झाले. नाना पायऱ्या उतरून पाण्याच्या काठाशी गेले. त्यांनी डावा हात पाण्यात घातला, चूळभर उचललं, वास घेतला, प्यायले. मग विचारलं की किती उपसलं. मी सांगितलं, तीन दिवस इंजिन चाललं. आटलं का? नाही आटलं. आम्ही तेच पाणी फिरवत होतो हे सांगण्यासाठी मी तोंड उघडलं, पण मागून महाजन साहेबांनी माझ्या पाठीत बोट खुपसलं. त्यांचा त्या दिवशीचा तो एक सल्ला उपयोगी पडला.

नाना त्या पायरीवरच बसले. बोलले ते स्वतःशीच बोलल्यासारखे. बहात्तरला सोनगीरला खोदलं, ऐंशीला खोदलं, शहाऐंशीला किल्ल्याच्या बाजूला खोदलं, साठ-साठ हात खाली गेलो आणि वर येताना टोपीत फक्त माती आणली. आणि हा मास्तर झोपायला म्हणून खड्डा करतो तर त्याला ओंजळीने पाणी. त्या तीनही खड्ड्यांत मी सुट्टीला जाऊन टोपल्या उचलल्या होत्या आणि नानांच्या तोंडावरचा तो कोरडेपणा मी पाहिलेला होता.

मग ते वर आले, परातीपुढे बसले आणि विसावी मूठ परातीत सोडली. म्हणाले, "ज्या घरमा पानी तठे कानबाई. चालू द्या." उरलेल्या तीन मुठी मी कशा वाचल्या ते मला आठवत नाही. बायकांनी गाणं पुन्हा धरलं, भिकुवहिनींनी कोकिळाचे डोळे पुसले. मी वही मिटून उठणार, तोच नाना म्हणाले, "थांब. पंडितनी मूठ काढा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण नानांनी शांतपणे ढिगातून एक मूठ उचलली. तेवीस मुठींतली माझी नेमकी कोणती, हे त्यांनाच ठाऊक. म्हणाले की कानबाईपुढे खोटं बोलला त्याची मूठ कानबाईला चालत नाही. मग तीच मूठ कपाळाला लावून म्हणाले, "कोकिळानी टाका," आणि परातीत सोडली. आमच्या कुळात बाईच्या नावाची मूठ कधी पडली नव्हती. भिकुवहिनी नवऱ्याकडे अशा काही पाहत होत्या की पुढच्या वर्षी यादी वाढणार हे मला तेव्हाच कळलं.

रविवारी कानबाई बसली. कोकिळाने चौरंग मांडला, तिने आरती धरली. आणि रोट वाढायची वेळ आली तेव्हा ज्याच्या नावाची मूठ नाही त्याला पान नाही, या नियमाने मी ओसरीत जाऊन युसूफभाई आणि महाजन साहेबांच्या पंगतीत बसलो. आम्हा परक्यांसाठी वेगळा वरणभात आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी होती. महाजन साहेबांनी भाजीचं कौतुक केलं. युसूफभाईंनी माझ्या पानात आग्रहाने भात वाढला, माझ्याच घरात.

सोमवारी सकाळी विसर्जनाला तलावाकडे निघायची तयारी झाली तर नाना म्हणाले, घरात पाणी असताना बाहेर कशाला. वाजंत्री पुढच्या दाराने निघाली, सगळ्या कॉलनीला वळसा घालून मागच्या दाराने परत आली. कोकिळाने कानबाई डोक्यावर घेतली होती आणि ती अशी चालत होती की वना गवळ्याच्या म्हशीसुद्धा बाजूला झाल्या. तळघराच्या पायऱ्या ती एकेक करून उतरली. मी कमरेइतक्या पाण्यात, शाळेच्या पँटीत, दिवा धरून उभा. नानांनी जाहीर केलं की आता हे पाणी उपसायचं नाही आणि कानबाई दर वर्षी इथेच. म्हणजे दर श्रावणात एवढी सगळी मंडळी आणि बारा महिने बेडूक, हा हिशेब माझ्या लक्षात आला, पण मी दिवा सरळ धरून ठेवला.

सगळे वर गेल्यावर उरलेले रोट खायला बसले. मी ओले कपडे पिळत दाराआड उभा होतो. कोकिळाने आपल्या पानातला रोट अर्धा मोडला आणि उठून माझ्यापाशी आली. नानांनी घास हातात धरून तिच्याकडे पाहिलं. ती थांबली, पदर सावरला आणि दुसऱ्यांदा त्यांच्याशी बोलली.

"मन्ही मूठना रोट शे, नाना. कोनले देवाना ते मी ठरावसू."

नानांनी मान खाली घालून जेवण सुरू केलं. मी तो अर्धा रोट उभ्या उभ्याच खाल्ला.